आंद्रेस मानुएल देल रिओ

आंद्रेस मानुएल देल रिओ फर्नांदेस (१० नोव्हेंबर, इ.स. १७६४ - २३ मार्च, इ.स. १८४९) हे स्पेनमध्ये जन्मलेले व मेक्सिकोत कार्य केलेले खनिजवैज्ञानिक, रसायनशास्त्रज्ञ व अध्यापक होते. मेक्सिकोतील झिमापान येथे सापडणाऱ्या शिशाच्या एका दुर्मीळ तपकिरी खनिजाचे पृथक्करण करून त्यांनी इ.स. १८०१ मध्ये एक नवे मूलद्रव्य शोधून काढले. आज हे मूलद्रव्य व्हॅनेडियम या नावाने आणि ते खनिज व्हॅनेडिनाइट या नावाने ओळखले जाते. मात्र पुढे स्वतः देल रिओ यांनाच आपल्या शोधाविषयी शंका आली आणि पॅरिसमधील एका पृथक्करणाने त्या शंकेवर शिक्कामोर्तब केले. परिणामी हा शोध सुमारे तीन दशके नाकारला गेला. इ.स. १८३० मध्ये स्वीडनमध्ये हेच मूलद्रव्य पुन्हा सापडले, तेव्हा देल रिओ यांचे मूळ अनुमान बरोबर होते हे सिद्ध झाले. परंतु तोवर मूलद्रव्याला दुसरे नाव मिळून गेले होते.

== जन्म व शिक्षण ==

देल रिओ यांचा जन्म स्पेनची राजधानी माद्रिद येथे झाला. तेथील सान इसिद्रो विद्यालयात त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले. लॅटिन व ग्रीक या अभिजात भाषांचा पाया तेथेच घातला गेला. पुढे नव्या पदार्थांना नावे देताना त्यांना या भाषाज्ञानाचा उपयोग झाला. त्यानंतर आल्काला दे एनारेस येथील विद्यापीठातून वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी पदवी संपादन केली.

त्या काळी स्पेनच्या राज्यकारभाराचा मोठा भार अमेरिकेतील वसाहतींमधून येणाऱ्या चांदीवर होता. धातुकातून चांदी वेगळी करण्यासाठी पारा लागे आणि तो प्रामुख्याने स्पेनमधील आल्मादेन येथील खाणींतून पाठविला जाई. त्यामुळे खाणकामाचे शास्त्रीय शिक्षण घेतलेल्या तरुणांची राज्यकर्त्यांना निकड होती. देल रिओ यांची हुशारी पाहून सरकारने त्यांना प्रथम आल्मादेनच्या खाणशाळेत आणि नंतर सरकारी खर्चाने परदेशी धाडले.

पॅरिसमध्ये त्यांनी झाँ दार्से या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली अध्ययन केले. तेथून ते जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या फ्रायबर्ग येथील खाण अकादमीत दाखल झाले. ही अकादमी त्या वेळी युरोपातील खाणविद्येचे सर्वांत नामांकित केंद्र होती. तेथील प्राध्यापक आब्राहाम गॉटलोब वेर्नर यांनी खनिजे ओळखण्याची एक शिस्तबद्ध पद्धत घालून दिली होती. रंग, चमक, कस, कठिनता, भंजन, स्फटिकाचा आकार आणि हाताला जाणवणारे वजन अशा बाह्य लक्षणांची ठरावीक क्रमाने नोंद करावयाची आणि त्यावरून खनिजाची जात निश्चित करावयाची, असे या पद्धतीचे स्वरूप होते. देल रिओ यांच्या साऱ्या पुढील कामावर वेर्नर यांच्या शिकवणुकीची छाप आहे. पुढे जगप्रसिद्ध झालेले निसर्गशास्त्रज्ञ आलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांच्याशी त्यांचा परिचय झाला तो याच अकादमीच्या विद्यार्थिदशेत.

फ्रायबर्गनंतर त्या वेळच्या हंगेरीतील शेमनित्स येथील खाण अकादमीत त्यांनी रासायनिक पृथक्करण व धातुविज्ञान यांचा अभ्यास केला. अशा रीतीने खनिज डोळ्यांनी व हाताने पारखण्याची वेर्नर यांची पद्धत आणि ते प्रयोगशाळेत विरघळवून त्याचे घटक मोजण्याची नवी रसायनविद्या, या दोहोंत त्यांनी प्रावीण्य मिळविले. हा संयोग त्या काळी विरळा होता.

== मेक्सिकोतील खाणशाळा ==

मेक्सिको त्या वेळी नवा स्पेन या नावाने ओळखला जाई. तेथे इ.स. १७९२ मध्ये राजकीय खाणशाळा सुरू झाली. तिचे संचालक फाउस्तो एल्हुयार हे स्वतः नामवंत रसायनशास्त्रज्ञ होते, इ.स. १७८३ मध्ये आपले बंधू हुआन होसे यांच्यासह त्यांनी टंगस्टन हा धातू प्रथम वेगळा केला होता. देल रिओ यांना या शाळेत रसायनशास्त्राचे अध्यासन देऊ करण्यात आले होते. पण त्यांनी खनिजविज्ञानाचे अध्यासन पसंत केले. इ.स. १७९४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले आणि इ.स. १७९५ मध्ये त्यांचा पहिला अभ्यासवर्ग सुरू झाला.

शाळेचे वर्ग आरंभी भाड्याच्या इमारतीत भरत. स्पॅनिश भाषेत खनिजविज्ञानाचे क्रमिक पुस्तक नव्हते. देल रिओ यांनी ही उणीव ओळखून स्वतःच ग्रंथ लिहावयास घेतला. 'ऑरिक्टोग्नोसीची मूलतत्त्वे' या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग इ.स. १७९५ मध्ये व दुसरा भाग इ.स. १८०५ मध्ये मेक्सिको शहरात प्रसिद्ध झाला. बाह्य लक्षणांवरून खनिजे ओळखण्याच्या शास्त्राला वेर्नर यांच्या परंपरेत ऑरिक्टोग्नोसी म्हणत. अमेरिका खंडात लिहून तेथेच छापलेल्या खनिजविज्ञानाच्या आद्य पाठ्यपुस्तकांत या ग्रंथाची गणना होते. युरोपातील खनिजांबरोबरच मेक्सिकोच्या खाणींत मिळणारी खनिजे त्यात आल्याने विद्यार्थ्यांना ते आपल्या परिसराचे पुस्तक वाटले.

देल रिओ यांचे काम वर्गापुरते मर्यादित नव्हते. खोल खाणींत साठणारे पाणी उपसणे ही तेव्हाच्या खाणमालकांची मोठी अडचण होती. पाचुकाजवळील मोरान येथील खाणीसाठी त्यांनी पाण्याच्या स्तंभाच्या दाबावर चालणाऱ्या उपसायंत्राचा आराखडा तयार केला.

== झिमापानचे तपकिरी शिसे ==

आजच्या इदाल्गो राज्यात असलेले झिमापान हे शिसे व चांदी यांच्या खाणींचे जुने गाव आहे. तेथील पुरिसिमा देल कार्दोनाल या खाणीतून मिळणारे एक तपकिरी रंगाचे खनिज खाणशाळेत आले होते. ते शिशाचे धातुक आहे हे त्याच्या वजनावरून सहज कळत होते. खाणकामगार त्याला तपकिरी शिसे म्हणत. तथापि त्यात शिशाबरोबर दुसरे काय आहे, हे कोणी पाहिले नव्हते.

इ.स. १८०१ मध्ये देल रिओ यांनी या खनिजाचे पृथक्करण केले. त्यात सुमारे ८० टक्के शिशाचे ऑक्साइड असल्याचे त्यांना आढळले. उरलेल्या भागात सुमारे १५ टक्के असा एक पदार्थ निघाला, की जो त्यांना ज्ञात असलेल्या कोणत्याही धातूच्या ऑक्साइडाशी जुळेना. आधुनिक गणनेनुसार शुद्ध व्हॅनेडिनाइटात शिशाच्या ऑक्साइडाचे प्रमाण सुमारे ७९ टक्के भरते. साध्या तराजूवर व मोजक्या रसायनांच्या साहाय्याने केलेले ते पृथक्करण किती काटेकोर होते, हे यावरून दिसून येते.

त्या अज्ञात पदार्थाची संयुगे नाना रंगांची होती. म्हणून देल रिओ यांनी प्रथम त्यातील धातूला पॅनक्रोमियम, म्हणजे सर्वरंगी, असे ग्रीक मुळाचे नाव दिले. पुढे त्यांच्या असे लक्षात आले, की या पदार्थाचे अल्कधर्मी द्रव्यांशी झालेले लवण तापविले अथवा त्यावर अम्लाची क्रिया केली, की ते लाल होते. म्हणून त्यांनी नाव बदलून एरिथ्रोनियम असे ठेवले. ग्रीक भाषेत एरिथ्रोस म्हणजे तांबडा. या शोधाची संक्षिप्त वार्ता माद्रिदमधील निसर्गविज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

== शंका आणि माघार ==

या घटनेच्या चारच वर्षे आधी, इ.स. १७९७ मध्ये, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला व्होक्लँ यांनी शिशाच्याच आणखी एका दुर्मीळ खनिजातून क्रोमियम हा नवा धातू शोधला होता. ते खनिज म्हणजे रशियातील उरल पर्वतात मिळणारे लाल शिसे, अर्थात क्रोकोआइट. त्या शोधाचा तपशील अंत्वान फुर्क्रवा यांच्या रसायनविषयक ग्रंथातून देल रिओ यांच्या वाचनात आला. क्रोमियमचे अम्लही पिवळी व लाल लवणे देते, असे त्यात वर्णन होते. आपण ज्याला नवा धातू समजलो तो क्रोमियमच तर नसेल, अशी शंका त्यांच्या मनात आली.

याच सुमारास हम्बोल्ट आपल्या अमेरिकाप्रवासात मेक्सिकोत आले. इ.स. १८०३ ते १८०४ या काळात त्यांचा तेथे मुक्काम होता. फ्रायबर्गचे हे दोन विद्यार्थी पुन्हा भेटले आणि देल रिओ यांनी तपकिरी शिशाचे नमुने हम्बोल्ट यांच्या हाती दिले. इ.स. १८०४ मध्ये देल रिओ यांनी जर्मन खनिजवैज्ञानिक कार्स्टन यांच्या खनिजकोष्टकांचा स्पॅनिश अनुवाद प्रसिद्ध केला. त्यातील एका टिपेत झिमापानच्या खनिजात क्रोमियम असल्याचे त्यांनी मान्य केले. स्वतःच्या शोधाविरुद्ध पहिले मत अशा रीतीने स्वतः शोधकर्त्यानेच दिले.

हम्बोल्ट यांनी नमुने पॅरिसला नेले. तेथे इप्पोलीत व्हिक्तोर कोले-देकोतिल यांनी त्यांचे पृथक्करण केले आणि इ.स. १८०५ मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, की या खनिजात क्रोमियमच आहे, नवा धातू नाही. देल रिओ यांचे प्रयोगांचे सविस्तर टिपण पॅरिसमधील विद्वानांच्या हाती पडलेच नाही. ते नेणारे जहाज वाटेत बुडाल्याचे सांगितले जाते. बर्लिन येथील संग्रहात ठेवलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवरही, देल रिओ यांना येथे नवा धातू सापडल्याचे वाटले होते पण तो सामान्य क्रोमियम निघाला, अशा आशयाची नोंद हम्बोल्ट यांनी केली. त्यामुळे एरिथ्रोनियम हे नाव रसायनशास्त्रातून नाहीसे झाले.

== गफलतीची कारणे ==

आधुनिक आवर्त सारणीत व्हॅनेडियमचा अणुक्रमांक २३ व क्रोमियमचा २४ आहे. लगतच्या घरांतील या दोन मूलद्रव्यांचे वागणे काही बाबतींत फार सारखे असते. दोहोंची ऑक्सिजनयुक्त अम्ले शिशाशी संयोग पावून पिवळी संयुगे देतात. दोहोंच्या पिवळ्या विद्रावात अम्ल घातले, की रंग नारिंगीकडे झुकतो. दोहोंचे क्षपण केले, की हिरवे विद्राव मिळू शकतात. केवळ रंगांवरून निर्णय घेणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाची अशा वेळी फसगत होणे स्वाभाविक होते.

पुढील काळात या दोहोंत फरक करण्याच्या खात्रीच्या कसोट्या रूढ झाल्या. फुंकनळीने टाकणखाराचा मणी तयार करून त्यात क्रोमियमचे संयुग मिसळल्यास ऑक्सिडीकारक व क्षपणकारक या दोन्ही ज्योतींत थंड झालेला मणी हिरवाच राहतो. व्हॅनेडियमचा मणी मात्र ऑक्सिडीकारक ज्योतीत पिवळसर आणि क्षपणकारक ज्योतीत हिरवा होतो. अम्लयुक्त विद्रावात हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यास क्रोमियम निळा रंग देते, तर व्हॅनेडियम तांबूस तपकिरी. नवसागराच्या संपृक्त विद्रावात अमोनियम व्हॅनेडेट फारसे विरघळत नाही व साका बनून खाली बसते. अमोनियम क्रोमेट तसे करत नाही. तसेच अमोनियम व्हॅनेडेट तापविल्यावर मागे उरणारे व्हॅनेडियम पेंटॉक्साइड नारिंगी-लाल असते. देल रिओ यांनी पाहिलेला लाल रंग याच जातीचा होता.

व्हॅनेडियमची संयुगे त्याच्या ऑक्सिडीभवन अवस्थेनुसार पिवळी, निळी, हिरवी व जांभळी अशी चार भिन्न रंगांची असतात. सर्वरंगी हे देल रिओ यांनी दिलेले पहिले नाव किती यथार्थ होते, हे त्यावरून कळते. त्यांची निरीक्षणे अचूक होती. चूक झाली ती त्या निरीक्षणांपेक्षा ग्रंथातील वर्णनावर अधिक विश्वास ठेवण्यात.

== लोखंडाचा कारखाना ==

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्पेन व इंग्लंड यांच्यातील युद्धामुळे समुद्रमार्ग बंद झाले आणि मेक्सिकोत लोखंडाची टंचाई निर्माण झाली. खाणींना पहारी, घण व यंत्रांचे भाग यांसाठी लोखंड सतत लागे. इ.स. १८०५ मध्ये देल रिओ यांच्याकडे मिचोआकान प्रांतातील कोआल्कोमान येथे लोखंडाचा कारखाना उभारण्याचे काम आले. दुर्गम डोंगराळ मुलखात भट्ट्या बांधून इ.स. १८०७ मध्ये त्यांनी लोखंडाचे उत्पादन सुरू केले. स्पॅनिश अमेरिकेतील लोहउद्योगाच्या इतिहासात या कारखान्याला आद्यस्थानांपैकी एक स्थान दिले जाते.

इ.स. १८१० मध्ये मेक्सिकोचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. या युद्धात कोआल्कोमानचा कारखाना राजनिष्ठ फौजांनी उद्ध्वस्त केला. खाणशाळेतून शिकून बाहेर पडलेले काही तरुणही बंडात सामील झाले होते. त्यांपैकी ग्वानाह्वातो येथील व्हालेन्सियाना खाणीचे प्रशासक कासिमिरो चोव्हेल यांना इ.स. १८१० मध्येच फाशी देण्यात आले. शाळेचे अध्यापन मात्र या धामधुमीतही चालू राहिले. मानुएल तोल्सा यांनी रचलेला खाणशाळेचा भव्य प्रासाद याच काळात, इ.स. १८१३ मध्ये, बांधून पूर्ण झाला.

== स्पेनची संसद आणि मेक्सिकोची निवड ==

इ.स. १८२० मध्ये देल रिओ यांची स्पेनच्या संसदेवर नव्या स्पेनचे प्रतिनिधी म्हणून निवड झाली. माद्रिदमध्ये जन्मलेल्या या अध्यापकाने तेथे मेक्सिकोच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार केला. ते स्पेनमध्ये असतानाच इ.स. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला. संचालक एल्हुयार व इतर अनेक स्पॅनिश अधिकारी मेक्सिको सोडून मायदेशी परतले. देल रिओ यांनी उलटा मार्ग स्वीकारला. जन्मभूमीत राहण्याची संधी असताना ते आपल्या शाळेकडे व विद्यार्थ्यांकडे मेक्सिकोत परत आले.

नव्या राष्ट्राने मात्र काही वर्षांतच स्पेनमध्ये जन्मलेल्या रहिवाशांच्या हद्दपारीचे कायदे केले. देल रिओ यांची सेवा लक्षात घेऊन त्यांना त्यातून वगळण्यात आले होते. तरीही आपल्या देशबांधवांवर झालेला हा अन्याय त्यांना सहन झाला नाही. त्यांच्याशी एकजूट दाखविण्यासाठी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, इ.स. १८२९ मध्ये, त्यांनी स्वेच्छेने मेक्सिको सोडले आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फिलाडेल्फिया शहरात वास्तव्य केले. तेथील विद्वत्मंडळात त्यांचा सन्मान झाला. 'ऑरिक्टोग्नोसीची मूलतत्त्वे' या ग्रंथाची सुधारलेली दुसरी आवृत्ती त्यांनी इ.स. १८३२ मध्ये तेथेच प्रसिद्ध केली.

== स्वीडनमधील पुनर्शोध ==

देल रिओ फिलाडेल्फियात असताना त्यांच्या जुन्या शोधाचा निकाल युरोपात लागत होता. स्वीडनमधील फालुन येथील खाणशाळेचे निल्स गाब्रिएल सेफस्ट्रोम हे लोखंडाच्या ठिसूळपणाची परीक्षा करीत होते. ठिसूळ लोखंड हायड्रोक्लोरिक अम्लात विरघळविले असता काळी भुकटी मागे राहते, अशी एक कसोटी तेव्हा प्रचलित होती. ताबेर्ग येथील धातुकापासून केलेले लोखंड मुळीच ठिसूळ नसतानाही अशी भुकटी देत असल्याचे त्यांना आढळले. त्या भुकटीचा व लोखंडाच्या धातुमळीचा शोध घेत असता इ.स. १८३० मध्ये त्यांना एक नवे मूलद्रव्य मिळाले. यॉन्स याकोब बर्झेलियस यांच्या सहकार्याने त्यांनी त्याचा अभ्यास केला आणि नॉर्स पुराणकथांतील सौंदर्यदेवता फ्रेया हिच्या व्हॅनाडिस या नावावरून त्याला व्हॅनेडियम हे नाव दिले.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर हे त्याच सुमारास बर्लिनमध्ये झिमापानच्या तपकिरी शिशावर काम करीत होते. हायड्रोजन फ्लोराइडच्या विषारी वाफांमुळे ते आजारी पडले व काम मागे पडले. सेफस्ट्रोम यांच्या शोधाची वार्ता कळल्यावर त्यांनी हम्बोल्ट यांनी आणलेल्या खनिजाची पुन्हा परीक्षा केली आणि इ.स. १८३१ मध्ये सिद्ध केले, की त्यातील धातू क्रोमियम नसून व्हॅनेडियम आहे. तीस वर्षांपूर्वी मेक्सिकोत सापडलेले एरिथ्रोनियम आणि स्वीडनमधील व्हॅनेडियम ही एकच मूलद्रव्ये ठरली.

भूवैज्ञानिक जॉर्ज विल्यम फेदरस्टनहॉ यांनी मूळ शोधकर्त्याच्या गौरवार्थ या मूलद्रव्याला रिओनियम म्हणावे अशी सूचना अमेरिकेतील एका भूविज्ञानविषयक नियतकालिकातून केली. परंतु बर्झेलियस यांच्या अधिकारामुळे व्हॅनेडियम हे नाव एव्हाना रूढ झाले होते आणि ते बदलले नाही. पॅरिसच्या निकालावर सर्वांनी सहज विश्वास ठेवला, याविषयीची आपली नाराजी देल रिओ यांनी आपल्या लेखनातून व्यक्त केली. तिचा रोख हम्बोल्ट यांच्याकडेही होता. मेक्सिकोतील एका अध्यापकाच्या प्रयोगापेक्षा युरोपातील प्रयोगशाळेचा शब्द अधिक वजनदार मानला गेला, असे विज्ञानाच्या अनेक इतिहासकारांचे मत आहे. दुसऱ्या बाजूने, देल रिओ यांनी स्वतःच आधी माघार घेतली होती हेही विसरता येत नाही. त्यांच्याविषयीच्या कोणत्याही विवेचनात या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

== व्हॅनेडिनाइट: स्वरूप व ओळख ==

देल रिओ यांच्या तपकिरी शिशाला व्हॅनेडिनाइट हे नाव जर्मन खनिजवैज्ञानिक फ्रान्त्स फॉन कोबेल यांनी इ.स. १८३८ मध्ये दिले. रासायनिक दृष्ट्या ते शिशाचे क्लोरिनयुक्त व्हॅनेडेट आहे. शुद्ध खनिजात वजनाने सुमारे ७३ टक्के शिसे, ११ टक्के व्हॅनेडियम, २.५ टक्के क्लोरिन व उरलेला ऑक्सिजन असतो.

व्हॅनेडिनाइट जमिनीच्या पोटात थेट तयार होत नाही. शिशाचे मुख्य धातुक गॅलेना होय. गॅलेनाच्या शिरांचा वरचा भाग हवा व झिरपणारे पाणी यांच्या संपर्कात आला, की त्याचे ऑक्सिडीभवन होते. सभोवतालच्या खडकांतून पाण्याबरोबर अल्प प्रमाणात आलेले व्हॅनेडियम मग या शिशाशी संयोग पावते. शिसे, व्हॅनेडियम व क्लोरिन यांचा असा मेळ बहुधा कोरड्या हवामानाच्या प्रदेशात जमून येतो, म्हणून हे खनिज दुर्मीळ आहे. मेक्सिकोखेरीज मोरोक्कोतील मिब्लादेन व अमेरिकेतील ॲरिझोना राज्य येथील स्फटिक प्रसिद्ध आहेत.

त्याचे स्फटिक षट्कोनी प्रचिनाच्या, पुष्कळदा आखूड पिंपासारख्या आकाराचे असतात. रंग तेजस्वी लाल, नारिंगी, तपकिरी अथवा पिवळसर. चमक राळेसारखी ते हिऱ्यासारखी. कस फिकट पिवळसर. कठिनता सुमारे ३ असल्याने चाकूने ते सहज ओरखडले जाते. विशिष्ट गुरुत्व सुमारे ६.९ असल्याने लहानसा खडाही हाताला जड लागतो. कोळशावर फुंकनळीने तापविल्यास शिशाचे मणी मिळतात.

ओळखताना घोटाळा होण्याजोगी खनिजेही आहेत. पायरोमॉर्फाइट व मिमेटाइट यांची स्फटिकरचना व्हॅनेडिनाइटासारखीच असते. फरक इतकाच, की व्हॅनेडियमच्या जागी पहिल्यात फॉस्फरस व दुसऱ्यात आर्सेनिक असते. ही तिन्ही खनिजे काही प्रमाणात एकमेकांत मिसळूनही आढळतात. त्यामुळे केवळ रंगावरून व आकारावरून निर्णय न घेता रासायनिक परीक्षा करावी लागते. क्रोकोआइट हे त्यामानाने सहज वेगळे ओळखता येते. त्याचे स्फटिक लांबट, एकनत प्रकारचे असतात. कस नारिंगी-पिवळा व विशिष्ट गुरुत्व सुमारे ६ असते. म्हणजे ज्या दोन खनिजांतील धातूंची प्रयोगशाळेत गफलत झाली, ती खनिजे बाह्य लक्षणांनी मात्र एकमेकांपासून स्पष्ट भिन्न आहेत.

== अखेरची वर्षे ==

इ.स. १८३४ मध्ये देल रिओ मेक्सिकोत परतले व पुन्हा खाणशाळेत शिकवू लागले. सत्तरी ओलांडल्यावरही त्यांचे लेखन थांबले नाही. इ.स. १८४१ मध्ये त्यांचे भूविज्ञानावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांच्या उतारवयात मेक्सिको राजकीय अस्थैर्यातून जात होता, इ.स. १८४७ मध्ये अमेरिकी सैन्याने राजधानी काबीज केल्याचेही त्यांना पाहावे लागले. २३ मार्च, इ.स. १८४९ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी मेक्सिको शहरात त्यांचे निधन झाले. खाणशाळेशी त्यांचा संबंध अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकला.

== वारसा ==

शुद्ध धातुरूपातील व्हॅनेडियम देल रिओ यांच्या हयातीत कोणालाच मिळाले नाही. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री रॉस्को यांनी इ.स. १८६७ पासून केलेल्या संशोधनातून, आधी धातू समजले गेलेले पदार्थ ही त्याची संयुगे होती हे दाखवून दिले आणि खरा धातू वेगळा केला. विसाव्या शतकात पोलादाला बळकटी आणणारा घटक म्हणून व्हॅनेडियमला मोठे महत्त्व आले. सल्फ्यूरिक अम्लाच्या निर्मितीत त्याचे पेंटॉक्साइड उत्प्रेरक म्हणून वापरले जाते. आज हा धातू मुख्यतः लोखंड व टायटॅनियम यांच्या धातुकांतून काढला जातो.

इ.स. १९५९ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात सापडलेल्या एका व्हॅनेडियमयुक्त खनिजाला देल रिओ यांच्या स्मरणार्थ डेलरिओआइट हे नाव देण्यात आले. मेक्सिकोच्या रसायनशास्त्र संस्थेतर्फे त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. त्यांनी सुचविलेली दोन नावे किंवा त्यांच्या गौरवार्थ सुचविले गेलेले नाव आवर्त सारणीत नाही. मात्र व्हॅनेडियमचे आद्य शोधकर्ते म्हणून आंद्रेस मानुएल देल रिओ यांचे नाव आता रसायनशास्त्राच्या इतिहासात मान्य झाले आहे.